राजसत्तेचे केंद्रीकरण: सौदा कुणाचा, भुर्दंड कुणाला?

चौदाव्या लुईचा अर्थमंत्री जाँ-बातिस्त कोलबेर याने १६६५च्या सुमारास फ्रान्समधल्या सरकारी पदांची मोजदाद करवली, तेव्हा आकडा निघाला सुमारे ४६ हजार. न्यायाधीश, करवसुलीचे अंमलदार, नोंदणी कारकून, मिठाच्या कोठारांवरचे अधिकारी हे सगळे राजाच्या नावाने काम करत. पण त्यांतल्या बहुतेकांना कामावरून काढणे राजाच्या हातात नव्हते, कारण ती पदे त्यांनी पैसे मोजून विकत घेतलेली होती. पद मुलाकडे जाई, हुंड्यात धरले जाई, गरज पडली तर विकताही येई. या सगळ्या पदांची एकूण किंमत ४० कोटी लिव्रच्या वर भरली. राजाने स्वतः नेमलेले आणि वाटेल तेव्हा परत बोलावता येतील असे प्रांताधिकारी, म्हणजे इंटेंडंट, मात्र देशभरात जेमतेम तीस होते. निरंकुश राजेशाहीचा नमुना म्हणून ज्या राजवटीचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तिचा कारभार या दोन आकड्यांच्या आधारावर चालत होता.

सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या राजांनी अंतर्गत सुधारणांच्या बळावर सत्ता कशी एकवटली, या प्रश्नाचे शाळा-कॉलेजांत दिले जाणारे उत्तर सोपे आहे. मध्ययुगात सत्ता सरंजामदारांच्या हाती विखुरलेली होती. राजांनी खडे सैन्य उभारले, अधिकारी नेमले, कर बसवले, कायदे एकसारखे केले आणि उमरावांचे कंबरडे मोडले. हे उत्तर निराधार नाही. १४३९ मध्ये सातव्या चार्ल्सने सैन्य बाळगण्याचा हक्क फक्त राजाचा असे ठरवले. १५१६ मध्ये पहिल्या फ्रान्सिसने पोपशी करार करून बिशप आणि मठाधिपती सुचवण्याचा अधिकार मिळवला, आणि १५३९च्या विलेर-कोतरेच्या हुकुमाने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिन हटवून फ्रेंच आणली व चर्चना बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवायला लावली. प्रजेचा जन्म सरकारी उपयोगासाठी नोंदवला जाऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. राजाचा प्रधान रिशल्यू याने १६२६ मध्ये सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडण्याचा हुकूम काढला, पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धाची बंदी मोडणाऱ्या एका मोठ्या घराण्यातल्या उमरावाचे डोके उडवले, आणि १६२८ मध्ये प्रोटेस्टंटांचे ला रोशेल हे बंदर वेढा घालून घेतले. या घटनांची माळ गुंफली की राजाच्या विजययात्रेचे चित्र उभे राहते.

गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनाने या चित्राला मोठे तडे दिले आहेत. तो सगळा पुरावा एकत्र ठेवला की मला वेगळा निष्कर्ष दिसतो. राजांनी स्थानिक सत्ताधाऱ्यांना मोडून काढून सत्ता एकवटली असे क्वचितच घडले. बहुतेक ठिकाणी त्यांनी या लोकांना हिस्सा देऊन आपल्यात सामील करून घेतले, आणि त्या हिश्श्याचा भार, सौद्याला न बोलावलेल्या शेतकऱ्यावर टाकला. जिथे असा सौदा झाला नाही तिथे सुधारणा धडाक्यात झाल्या, पण एका-दोन पिढ्यांपलीकडे टिकल्या नाहीत.

पदविक्रीपासूनच पाहू. १५२२ मध्ये फ्रान्समध्ये तिच्यासाठी वेगळे खातेच उघडले गेले, कारण इटलीतल्या युद्धांना पैसा पुरत नव्हता. १६०४ मध्ये चौथ्या हेन्रीने पुढचे पाऊल टाकले. पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ते पद मालकाच्या मृत्यूनंतर घराण्यात राहील, अशी सोय झाली. वसुलीचा मक्ता घेणाऱ्या शार्ल पोले याच्या नावावरून या कराला पोलेत म्हणू लागले. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्यांच्या बळावर राजा जुन्या सरंजामदारांना शह देत होता, तो अधिकारी वर्गच त्याने वंशपरंपरागत करून टाकला. रोलाँ मुनिए या इतिहासकाराने हीच पदविक्री राजेशाहीच्या केंद्रस्थानी मानली. मध्यमवर्गाचा पैसा आणि निष्ठा या मार्गाने सिंहासनाला बांधली गेली, असे त्याचे म्हणणे. सोव्हिएत इतिहासकार बोरिस पोर्शनेव्ह याने उलट बाजू मांडली. सतराव्या शतकातली शेतकऱ्यांची बंडे तपासून त्याने दाखवले की हे राज्य शेवटी जमीनदारांच्याच हिताचे रक्षण करत होते. दोघांचा वाद गाजला. मला मात्र ते एकाच व्यवहाराच्या दोन टोकांबद्दल बोलताना दिसतात: मुनिए हिस्सा कुणाला मिळाला ते सांगतो, पोर्शनेव्ह पैसा कुणाकडून आला ते.

रिशल्यूच्या काळात, स्पेनविरुद्धच्या युद्धाचा खर्च आकाशाला भिडल्यावर, इंटेंडंट पुढे आले. १६४२ मध्ये जमीन-कराची आकारणीही त्यांच्याकडे गेली आणि पदे विकत घेतलेल्या अंमलदारांच्या पोटावर पाय आला. परिणाम सहा वर्षांत दिसला. १६४८ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठांनी एकत्र बसून इंटेंडंट मागे घेण्याची मागणी केली, फ्रोंद नावाने ओळखले जाणारे बंड पेटले, आणि अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार करणाऱ्या मझारँला सरहद्दीचे काही प्रांत सोडून बाकी सगळीकडून इंटेंडंट माघारी बोलवावे लागले. १६५३ नंतर ते परत आले, पण फ्रोंदचा धडा लुई जन्मभर विसरला नाही. १६६१ मध्ये मझारँ वारल्यावर त्याने स्वतः कारभार हाती घेतला, अर्थखाते सांभाळणाऱ्या फुकेला अटक करवली, आणि १६७३ मध्ये न्यायपीठांवर बंधन घातले की राजाज्ञा आधी नोंदवा, आक्षेप मग कळवा. एवढे वाचले की वाटते, राजा जिंकला. पण न्यायपीठातली पदे मालकांकडेच राहिली, पोलेत चालूच राहिला, आणि प्रांतातल्या प्रतिष्ठितांच्या उत्पन्नाला हात लागला नाही.

या काळाकडे पाहण्याची दृष्टी ज्या अभ्यासांनी बदलली त्यांत विल्यम बीक याचा लांगडॉक प्रांतावरचा १९८५चा ग्रंथ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याने दरबारातल्या गप्पांपेक्षा हिशेबाच्या वह्या पाहिल्या. करातून गोळा झालेला पैसा कुठे गेला, याचा माग काढल्यावर दिसले की मोठा वाटा प्रांतातच राहत होता: प्रांतिक सभेचे सदस्य, बिशप, न्यायाधीश, वसुलीदार, सरकारला कर्ज देणारे सावकार यांच्या खिशात. लुईच्या काळात हा वाटा अधिक सुरक्षित झाला आणि बदल्यात प्रांतिक सभा राजाची मागणी पूर्वीच्या कुरबुरीशिवाय मंजूर करू लागली. याच प्रांतात १६६६ ते १६८१ या काळात भूमध्य समुद्राला गारोन नदीशी जोडणारा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा खोदला गेला. राजाच्या वैभवाची खूण म्हणून तो आजही दाखवला जातो. खर्चाचा मोठा भाग प्रांतिक सभेने उचलला, आणि तो खोदणारा प्येर-पोल रिके हा मिठाच्या कराचा इजारदार होता. राजा, प्रांतिक सभा आणि इजारदार या तिघांनी मिळून तो कालवा झाला. व्हर्सायचा दरबारही याच नजरेतून पाहावा लागतो. १६८२ मध्ये दरबार तिथे हलला तो उमरावांना सोनेरी पिंजऱ्यात कोंडण्यासाठी, असे नेहमी सांगतात. पण उमराव तिथे स्वतःहून धावत गेले, कारण निवृत्तिवेतने, सैन्यातल्या नेमणुका, मठांची उत्पन्ने यांचे वाटप तिथेच होत असे.

मग भुर्दंड कुणी भरला? मिठाच्या कराकडे जवळून पाहिले की उत्तर मिळते. गाबेल नावाचा हा कर देशभर सारखा नव्हता. पॅरिसभोवतीच्या मोठ्या पट्ट्यात, जिथे दर सर्वांत जास्त, तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे साडेतीन किलो मीठ सरकारी कोठारातून घेणे सक्तीचे होते. तेही फक्त ताटातल्या आणि हंडीतल्या अन्नासाठी. हिवाळ्याच्या बेगमीचे डुकराचे मांस त्यातून खारवले तर दंड. त्यासाठी वेगळे मीठ विकत घ्यायचे. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात, सागरी मिठागरांच्या मुलखात, हा करच नव्हता. प्रांताच्या एका शिवेवरून दुसरीकडे गेले की तेच मीठ वीस पटींहून महाग. साहजिकच चोरटा व्यापार चाले. बायका कपड्यांखाली मीठ बांधून आणत, कुत्री शिकवून पाठीवर मिठाच्या पिशव्या लादून रात्री सोडली जात, आणि पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडले जाई. ब्रिटनीची सूट हा तिथल्या प्रांतिक सभेशी झालेल्या जुन्या कराराचा भाग होता आणि एवढ्या बलाढ्य लुईनेही त्याला हात लावला नाही. कोलबेरने १६६४ मध्ये देशाच्या उत्तर भागापुरती जकात एकसारखी केली. बाकी देशात आतले जकातनाके राज्यक्रांतीपर्यंत उभेच होते. केंद्रीकरणाची मर्यादा कुठे होती, हे कोणत्याही राजाज्ञेपेक्षा या नाक्यांवर अधिक स्पष्ट दिसते.

आणि करार मोडायचा प्रयत्न झाला की काय होई, तेही ब्रिटनीतच दिसले. हॉलंडशी युद्ध चालू असताना सरकारने मुद्रांकित कागद, तंबाखू आणि कथिलाची भांडी यांवर नवे कर बसवले. १६७५ मध्ये आधी शहरे उठली, मग गाबेलही येणार या अफवेने पश्चिमेकडची खेडी पेटली. लाल टोप्या घातलेल्या शेतकऱ्यांनी स्टँपपेपरची कार्यालये तर फोडलीच, पण आपल्या मागण्यांच्या याद्यांत जमीनदारांची वेठ आणि खंडही धरले. कर राजाचा आणि वेठ जमीनदाराची. ज्याच्या पाठीवर दोन्ही ओझी होती त्याला ती वेगळी वाटत नव्हती. सैन्य आले, फाशी झाल्या, रेनचे न्यायपीठ शहराबाहेर हाकलले गेले ते १६९०पर्यंत परतले नाही. ज्या चर्चच्या घंटांनी बंडाची हाक दिली त्यांतल्या काहींचे मनोरे पाडले गेले. पों-लाबे इथल्या लांबूरच्या चर्चचा मनोरा आजही बोडकाच आहे.

पूर्व युरोपात हाच सौदा उघडपणे कागदावर आला. १६५३ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या उमरावांनी आपल्या शासकाला, इलेक्टर फ्रेडरिक विल्यमला, सैन्यासाठी सहा वर्षांत ५ लाख ३० हजार थालर देण्याचे मान्य केले. मोबदल्यात त्याने शेतकऱ्यांवरचा त्यांचा अधिकार पक्का केला. जिथे भूदासत्वाची प्रथा होती तिथे आपण स्वतंत्र आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर आली. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या सैन्याने पुढे उमरावांच्या सभेची गरजच संपवली, हे खरे. पण सैन्याचे अधिकारीही उमरावच झाले. रशियात १६४९च्या कायद्याने पळालेल्या भूदासाला परत आणण्याची कालमर्यादा काढून टाकली. झार पीटरने १७२२ मध्ये सरकारी सेवेच्या १४ श्रेणींचा तक्ता लावून उमरावाला आयुष्यभर चाकरीला जुंपले, आणि १७२४पासून प्रत्येक पुरुष जिवामागे ७४ कोपेक असा डोईकर वसूल होऊ लागला. भूदासांकडून तो आणून देणारा जमीनदारच. पुढे १७६२ मध्ये उमरावांची सक्तीची चाकरी सुटली. भूदासांची सुटका व्हायला मात्र १८६१ उजाडले. सौद्यात कुणाचा शब्द चालत होता, हे या शंभर वर्षांच्या अंतरावरून कळते.

या मांडणीवर सर्वांत जड आक्षेप स्वीडनचा आहे. अकराव्या चार्ल्सने १६८०पासून उमरावांकडे गेलेल्या सरकारी जमिनी धडाक्याने परत घेतल्या, आणि देशातल्या जमिनीतला त्यांचा वाटा सुमारे एक-तृतीयांशावर आणला. इथे तर राजाने उमरावांना खरोखरच मोडले. पण हे त्याने एकट्याने केले नाही. ठराव राष्ट्रसभेत झाला, आणि धर्मगुरू, नगरवासी व शेतकरी हे तिन्ही वर्ग, शिवाय पगारावर जगणारे लहान उमराव त्याच्या बाजूने होते. स्वीडनच्या सभेत शेतकऱ्यांना स्वतःची जागा होती, युरोपात ही दुर्मीळ गोष्ट. म्हणजे सौदा इथेही झाला, फक्त सौद्याला बसलेली माणसे निराळी होती. पुढे बाराव्या चार्ल्सने अंतहीन युद्धांत देश झिजवला, १७१८ मध्ये तो पडला, आणि दुसऱ्याच वर्षी सभेने सत्ता परत घेतली. स्पेनमध्ये राजाचा मंत्री ऑलिव्हारेस याने सौद्यावाचूनच प्रांतांवर सैन्याचा वाटा लादू पाहिला. १६४० मध्ये कातालोनिया उठला आणि पोर्तुगाल कायमचा हातचा गेला.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. सगळा सौदाच होता तर बदलले काय? काही इतिहासकार, विशेषतः निकोलस हेन्शल, निरंकुश राजेशाही ही कल्पनाच मिथक ठरवतात. मला हे फार पुढे गेलेले वाटते. १६६७ मध्ये पॅरिसला स्वतंत्र पोलीसप्रमुख मिळाला, दिवाणी आणि फौजदारी कामकाजाच्या संहिता आल्या, लुईच्या अखेरच्या युद्धांत सैन्य कागदोपत्री साडेतीन लाखांवर पोचले. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य एका हुकुमाने संपले आणि दोन लाखांच्या आसपास माणसे देश सोडून गेली. ज्या घरांत सैनिक घुसवून धर्मांतर करवले गेले, त्यांना ही सत्ता मिथक वाटली नसती. राजाची ताकद खरी होती. स्थानिक सत्ताधाऱ्यांचा स्वार्थ तिच्या आड येत नव्हता तिथे ती निर्दयपणे चालली. आड आला तिथे थांबली.

याच दशकांत महाराष्ट्रात हाच प्रश्न पणाला लागला होता, आणि तिथले उत्तर जगाच्या या आढाव्यात मांडले जायला हवे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची वतने फ्रान्समधल्या पदांसारखीच वंशपरंपरेची आणि विकता येण्याजोगी होती. शिवाजी महाराजांनी वतने सरसकट रद्द केली नाहीत, पण वतनदारांचे वाडे-हुडे पाडले, त्यांचे हक्क नेमून दिले, वसुली सरकारी कारकुनांकडे दिली, लष्कराला रोख वेतन दिले आणि किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे अधिकार वाटून ठेवले, असे सभासद बखरीतून दिसते. रयतेला बी-बियाणे आणि बैल देण्याचीही तरतूद होती. इथे सुधारणेचा कल वतनदाराविरुद्ध आणि रयतेकडे होता. माझ्या मांडणीला हा अपवाद आहे आणि मी तो अपवाद म्हणूनच मान्य करतो. पण तो टिकला का? १६८९ मध्ये रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि वतनदाराला एकीकडून मोगल, दुसरीकडून मराठे वतनाची आमिषे दाखवू लागले. माणसे हवी होती आणि खजिना रिता होता; वतने आणि सरंजाम परत आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे वाटेकरी मानून त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले आहे, आणि त्याच वेळी त्यांना एकदम मोडू नये असाही सल्ला आहे. राज्यकर्त्याची ही अडचण एवढ्या स्पष्टपणे मांडणारा ग्रंथ त्या काळच्या युरोपातही सहज सापडणार नाही.

मग सत्ता खऱ्या अर्थाने कुठे एकवटली? याचे उत्तर राजांच्या चाहत्यांना रुचणारे नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सने संसदेवाचून राज्य करून पाहिले आणि १६४९ मध्ये शिर गमावले. १६८८ नंतर तिथे करांना संसदेची मंजुरी होती, अबकारी कर पगारी अधिकारी गोळा करत, आणि १६९४ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडमुळे सरकारी कर्जावर लोकांचा विश्वास बसला. अठराव्या शतकात उत्पन्नाच्या मानाने ब्रिटनचा रहिवासी फ्रेंच माणसापेक्षा जास्त कर भरत होता. इतिहासकार जॉन ब्रुअरने १९८९ मध्ये हे तपशिलाने दाखवल्यापासून, दुबळे सरकार आणि मुक्त प्रजा हे इंग्लंडचे जुने चित्र पुसले गेले. तिथेही गरिबावर अबकारीचा बोजा होता, तो नाकारता येत नाही. पण कर देण्यातून सुटलेला उमराव तिथे नव्हता, आणि राज्याचे बळ त्यातच होते.

फ्रान्समध्ये ती सूट कुणालाच काढता आली नाही. १७४९ मध्ये अर्थमंत्री माशोने सर्वांवर विसाव्या हिश्श्याचा कर बसवला. दोन वर्षांत चर्चने आपली सुटका करून घेतली. १७७१ मध्ये चान्सलर मोपूने पॅरिसच्या न्यायपीठातली पदविक्री बंद केली. १७७४ मध्ये सोळाव्या लुईने ती परत चालू केली. १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोनने प्रतिष्ठितांची सभा भरवून सर्व जमिनीवर कराचा प्रस्ताव मांडला, आणि तो फेटाळला गेला. विचारवंत तॉकव्हिलने १८५६ मध्ये लिहिले की क्रांतीने केंद्रीकरण निर्माण केले नाही, ते तिला जुन्या राजवटीकडून वारशात मिळाले. इंटेंडंटांच्या पत्रव्यवहारापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे, हिशेबाच्या वह्यांच्या बाबतीत नाही. पदविक्री आणि करातल्या सवलती रद्द करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री झाला, आतले जकातनाके आणि गाबेल १७९० मध्ये गेले, आणि दोन्ही कामे निवडून आलेल्या सभेने केली. आपल्याकडे देशमुख-देशपांड्यांची परगणा वतने आणि कुलकर्णी वतने कायद्याने संपली ती १९५० मध्ये, मुंबई राज्याच्या विधिमंडळात.